दोन चौकटींमधला जिना

चित्रकथेच्या पानावर दोन चौकटींच्या मध्ये एक कोरी पट्टी असते. पहिल्या चौकटीत नायक इमारतीच्या दाराशी असतो, दुसऱ्या चौकटीत तो गच्चीवर पोहोचलेला असतो. मधले जिने तो कसे चढला हे चित्रकार दाखवत नाही आणि वाचकही विचारत नाही. स्कॉट मॅक्क्लाउड यांनी 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' या १९९३ च्या पुस्तकात या कोऱ्या पट्टीला फार मोठे स्थान दिले आहे. वाचक आपल्या कल्पनेने ही फट भरून काढतो, आणि चित्रकथा वाचणे म्हणजे बव्हंशी ही फट भरत जाणे होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

आता त्या नायकाला चाकाच्या खुर्चीत बसवून पाहावे. (नसीमा हुरजूक यांच्या याच नावाच्या आत्मकथनामुळे 'चाकाची खुर्ची' हा शब्द मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे; म्हणून तोच येथे वापरला आहे.) पहिल्या चौकटीत तो तळमजल्यावर आणि दुसऱ्या चौकटीत गच्चीवर असेल, तर मधली फट वाचकाने कशाने भरावी? इमारतीला लिफ्ट होती काय? नसल्यास त्याला कोणी उचलून नेले, आणि त्याची परवानगी घेऊन नेले काय? खुर्ची त्याच्याबरोबर वर गेली की मागून आली? ज्या प्रश्नांना चित्रकथेने सोयीस्करपणे पट्टीत गाडलेले असते ते सारे या एका खुर्चीमुळे वर येतात. म्हणूनच चित्रकथेतील चाकाच्या खुर्चीचे चित्रण वास्तव आहे की नाही हे ठरवताना चाकांच्या आऱ्या बरोबर काढल्या आहेत काय एवढेच पाहून भागत नाही. चित्रकाराने मधल्या जिन्याचे काय केले, आणि त्या खुर्चीतल्या माणसाला पुढच्या अंकात, पुढच्या वर्षी, पुढच्या दशकात कोठे ठेवले, हेही पाहावे लागते. प्रस्तुत लेखात गेल्या साठ वर्षांतील काही ठळक चित्रकथा या दृष्टीने तपासावयाच्या आहेत.

१९६३ : एक वर्ष, तीन खुर्च्या

१९६३ हे वर्ष या इतिहासाच्या आरंभासाठी सोयीचे आहे. त्या वर्षीच्या जून महिन्याच्या 'माय ग्रेटेस्ट ॲडव्हेंचर' या अमेरिकन मासिकाच्या ८० व्या अंकात 'डूम पेट्रोल' हा विचित्र वीरांचा संघ अवतरला. त्याचा प्रमुख नाइल्स कॉल्डर हा बुद्धिमान शास्त्रज्ञ चाकाच्या खुर्चीत बसून संघाला आज्ञा देतो. त्यानंतर तीनच महिन्यांनी, सप्टेंबर १९६३ या तारखेचा 'एक्स-मेन'चा पहिला अंक आला. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांच्या या मालिकेतील प्राध्यापक चार्ल्स झेवियर हा मनकवडा गुरूही खुर्चीतच बसलेला आहे. दोन प्रतिस्पर्धी प्रकाशनांच्या या दोन मालिकांतील साम्याविषयी पुढे बराच वाद झाला. आपल्या दृष्टीने मुद्दा वेगळा आहे. दोन्हीकडे खुर्ची ही वाहनापेक्षा सिंहासन अधिक आहे. शरीर हलत नाही म्हणून बुद्धी अफाट, हे समीकरण दोन्हीकडे गृहीत धरलेले आहे. शिष्य बाहेर जाऊन लढतात, जखमी होतात, पडतात. गुरू मात्र आपल्या दालनात विराजमान असतो. तो एका खोलीतून दुसऱ्या खोलीत कसा जातो हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण त्याचे जाणे नेहमी कोऱ्या पट्टीत उरकलेले असते.

झेवियरच्या पायांचा पुढचा इतिहास पाहिला तर हे अधिक स्पष्ट होते. पहिल्या अंकात त्याचे पाय लहानपणीच्या अपघातात निकामी झाल्याचा उल्लेख आहे. १९६६ मधील विसाव्या अंकात त्याचे खापर परग्रहावरून आलेल्या शत्रूवर फुटते. १९८३ मध्ये त्याला नवे शरीर मिळते आणि तो चालू लागतो. १९९१ मध्ये पुन्हा खुर्चीत येतो. या फेऱ्या त्यानंतरही थांबल्या नाहीत. लेखकाला गांभीर्य हवे असले की खुर्ची येते, धावपळ हवी असली की जाते. नव्वदच्या दशकात तर त्याला जमिनीला न टेकणारी, हवेत तरंगणारी पिवळी खुर्ची मिळाली. हे परग्रहावरचे तंत्रज्ञान होते, असे कथा सांगते. चित्रकाराच्या अडचणीवरचा तो अखेरचा उपाय होता, असे म्हणावेसे वाटते. खुर्ची तरंगू लागली की पायऱ्या, उंबरठे, चिखल, उतार हे सारे एका फटक्यात रद्द होते.

त्याच १९६३ मध्ये युरोपात एक तिसरी खुर्ची पुस्तकरूपाने आली. एर्जे यांच्या टिनटिन मालिकेतील 'द कास्ताफिओरे एमराल्ड' ही कथा १९६१-६२ मध्ये साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली होती. हवेलीच्या संगमरवरी जिन्याची एक पायरी फुटलेली आहे. गवंडी आज येतो, उद्या येतो म्हणत राहतो. आणि गायिका कास्ताफिओरे येण्यापूर्वी पळ काढण्याच्या गडबडीत कॅप्टन हॅडॉक त्याच पायरीवरून घसरतो. पाय मुरगळतो, प्लास्टर चढते, आणि कथेचा बराच भाग हॅडॉक चाकाच्या खुर्चीत काढतो. येथे अपंगत्व तात्पुरते आहे आणि हेतू विनोदाचा आहे हे खरे. परंतु तीन खुर्च्यांपैकी जिना आहे तो फक्त याच कथेत. खुर्चीतल्या माणसाला नको असलेल्या पाहुण्यापासून पळता येत नाही, इतरांच्या सोयीने थांबावे लागते, सभोवतालचे लोक त्याच्या वतीने निर्णय घेऊ लागतात, या गोष्टी एर्जे यांनी हसत हसत टिपल्या आहेत. आणि दुरुस्तीला सतत मिळणारी ती 'उद्या'ची तारीख ज्यांना सार्वजनिक इमारतीत उतार बांधून मागावा लागतो त्यांना निराळे काही वाटणार नाही.

खरी खुर्ची त्या काळात कोठे होती

कागदावरची खुर्ची स्थिर बसलेली असताना खरी खुर्ची मात्र झपाट्याने बदलत होती. १९१८ च्या खाणीतील अपघातात पाठीचा कणा दुखावलेले अभियंता हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्यांचे मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी १९३३ मध्ये पोलादी नळ्यांची, घडी करून मोटारीत ठेवता येईल अशी खुर्ची तयार केली. रुग्णालयांतून आणि विमानतळांवर दिसणारी, मागे ढकलण्याच्या मुठी असलेली ओळखीची खुर्ची याच घराण्यातली. तिच्या रचनेतच एक गृहीत आहे : मागे कोणीतरी उभे असणार.

हे गृहीत मोडले ते खुर्ची वापरणाऱ्यांनीच. मॅरिलिन हॅमिल्टन या तरुणीचा १९७८ मध्ये हँग-ग्लायडिंग करताना अपघात झाला. तिच्या ग्लायडर बांधणाऱ्या मित्रांनी विमानविद्येतल्या हलक्या नळ्या वापरून तिच्यासाठी जी खुर्ची बनवली, तिच्यातून 'क्विकी' हा प्रकार बाजारात आला. हलका सांगाडा, खाली पसरत जाणारी तिरपी चाके आणि बसणाऱ्याच्या मापाची बैठक, अशी ही रचना होती. या घराण्यातल्या खुर्च्यांना पुढे मागच्या मुठी ठेवण्याचीही गरज उरली नाही. बसणाऱ्याचा हात चाकाच्या बाहेरील कडीवर आला आणि खुर्ची त्याची झाली. तो सायकलसारखा तिचा रंग निवडू लागला.

याच काळात अमेरिकेतील अपंगांची चळवळ रस्त्यावर उतरली होती. १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील एका केंद्र सरकारी इमारतीत आंदोलक तीन आठवड्यांहून अधिक काळ ठाण मांडून बसले. मार्च १९९० मध्ये सुमारे साठ जण वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल इमारतीसमोर आपापल्या खुर्च्या व कुबड्या खाली ठेवून दगडी पायऱ्यांवरून हातांनी सरपटत वर गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये अपंगांच्या हक्कांचा व्यापक कायदा तेथे संमत झाला. चित्रकथेने पट्टीत लपवलेला जिना त्या दिवशी दूरचित्रवाणीवर पायरी-पायरीने दिसला. कॅमेऱ्याने काहीही गाळले नाही, हेच त्या आंदोलनाचे सामर्थ्य होते.

वर्तमानपत्रांतली चाके

साहसकथांपेक्षा वर्तमानपत्रांतल्या चित्रपट्ट्यांनी खुर्चीशी लवकर मैत्री केली. बर्कली ब्रेथेड यांच्या 'ब्लूम काउंटी' (१९८० ते १९८९) या पट्टीत कटर जॉन नावाचा व्हिएतनाम युद्धातून परतलेला सैनिक आहे. तो खुर्चीत बसतो, पेंग्विन आणि इतर प्राण्यांना वर घेतो आणि अंतराळयान चालवल्याच्या थाटात टेकडीच्या उतारावरून सुसाट खाली येतो. तो प्रेम करतो, चावट बोलतो, फजित होतो. त्याच्या खुर्चीला वजन आणि वेग आहेत. उतार म्हणजे काय हे तिला ठाऊक आहे. गुरुत्वाकर्षणाचे नियम पाळणारी खुर्ची लोकप्रिय अमेरिकन चित्रपट्टीत येणे ही त्या काळात किरकोळ गोष्ट नव्हती.

जॉन कॅलहन यांची गोष्ट आणखी निराळी. १९७२ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मोटार अपघातात त्यांच्या मज्जारज्जूला इजा झाली. बोटांत लेखणी धरणे अशक्य झाल्यावर ती दोन्ही हातांच्या पकडीत धरून त्यांनी चित्रे काढली. त्यांच्या थरथरत्या, काटकसरी रेषेचा उगम तेथे आहे. त्यांचे सर्वात गाजलेले चित्र असे : वाळवंटात एक रिकामी चाकाची खुर्ची पडली आहे, घोड्यांवरून पाठलाग करणारे शेरीफचे लोक तिच्याभोवती थांबले आहेत, आणि त्यांचा म्होरक्या सहकाऱ्यांना धीर देतो की तो पायी फार लांब जाणार नाही. १९८९ मध्ये आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राचे नाव याच चित्राच्या ओळीवरून घेतले आहे. अशा चित्रांबद्दल संपादकांकडे संतापाची पत्रे येत. आपण मर्यादा ओलांडली की नाही याचा एकच निकष कॅलहन मानत : खुर्चीत बसणारे लोक हसले की नाहीत. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या कामाचे महत्त्व असे की, खुर्चीतल्या माणसाबद्दलच्या विनोदाची मालकी त्यांनी खुर्चीतल्या माणसाकडे घेतली.

गॅरी ट्रूडो यांच्या 'डून्सबरी'चाही येथे उल्लेख हवा. १९७० पासून चालत आलेल्या या पट्टीतील बी. डी. हे पात्र सतत शिरस्त्राण घालून वावरत असे. एप्रिल २००४ मध्ये इराकमध्ये त्याचा पाय तुटतो, आणि त्याच पट्ट्यांत वाचकांना तो प्रथमच शिरस्त्राणावाचून दिसतो. पुढचे कित्येक महिने ट्रूडो यांनी रुग्णालय, व्यायाम, कृत्रिम पाय आणि त्यानंतर मनावरचे घाव यांना दिले. 'डून्सबरी'तील पात्रांचे वय वाढते, हे येथे निर्णायक ठरते. ज्या चित्रकथेत काळ पुढे जातो तिच्यात दुखापतीला भविष्यकाळ असतो. जेथे काळ गोठलेला आहे तेथे ती फक्त एक प्रसंग असते आणि पुढच्या प्रसंगाने पुसली जाते. महानायकांच्या कथांची अडचण नेमकी येथे आहे.

ओरॅकल : तेवीस वर्षे

१९८८ मध्ये ॲलन मूर आणि ब्रायन बोलंड यांची 'द किलिंग जोक' ही बॅटमॅनकथा आली. तिच्यात जोकर हा खलपुरुष पोलीस आयुक्त गॉर्डन यांच्या घराचे दार ठोठावतो आणि दार उघडणाऱ्या त्यांच्या मुलीवर, बार्बरावर, गोळी झाडतो. गोळी मणक्याला लागते. बार्बरा गॉर्डन म्हणजे १९६७ पासून वाचकांना ठाऊक असलेली बॅटगर्ल. तरीही या कथेत तिची भूमिका एवढीच : बापाला वेड लागावे म्हणून तिच्यावर घाव घालायचा. कथा जोकर, बॅटमॅन आणि गॉर्डन या तीन पुरुषांची आहे. ती संपते तेव्हा बार्बराचे पुढे काय, हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो. पुरुष नायकांच्या कथा पुढे ढकलण्यासाठी मारल्या वा लुळ्या केल्या गेलेल्या स्त्री-पात्रांची यादी गेल सिमोन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा बार्बराचे नाव तीत असणे अटळ होते.

हा प्रश्न विचारला तो किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या लेखक दांपत्याने. अशा घटनेला परिणाम असले पाहिजेत, अशी त्यांची भूमिका होती. १९८९ च्या आरंभी त्यांच्या 'सुइसाइड स्क्वॉड' मालिकेत ओरॅकल नावाचे एक अदृश्य पात्र संगणकाच्या पडद्यावरून बोलू लागले; १९९० मध्ये कळले की ही बार्बरा आहे. कॅपिटॉलच्या पायऱ्यांवरचे आंदोलनही त्याच वर्षीचे. १९९६ मध्ये याच दोघांनी ब्रायन स्टेलफ्रीझ यांच्या चित्रांसह बार्बराच्या त्या पहिल्या वर्षाची कथा लिहिली. तिच्यात राग आहे, खचणे आहे, खुर्चीतून लढण्याचे शिक्षण आहे, आणि आपण कोणाची तरी मुलगी वा कोणाची तरी दुय्यम आवृत्ती न राहता स्वतःचे काम करू शकतो ही हळूहळू येणारी जाणीव आहे. पुढे 'बर्ड्स ऑफ प्रे' या मालिकेत ती नायिकांच्या संघाची प्रमुख झाली. स्वतः बॅटमॅन माहितीसाठी तिच्याकडे येऊ लागला.

ओरॅकलचे चित्रण निर्दोष नव्हते. अनेक चित्रकारांनी तिला मागे उंच मुठी असलेली रुग्णालयी खुर्ची दिली, जी तिच्यासारख्या तरुण, सशक्त हातांच्या, पैशाची अडचण नसलेल्या स्त्रीने निवडली नसती. गॉथम शहरातील मनोऱ्यावर, पडद्यांच्या गराड्यात तिचे वास्तव्य. त्यामुळे जिन्यांचा प्रश्न बहुतेक वेळा टाळता येई. झेवियरच्या सिंहासनाची सावली येथेही होती. तरीही एका बाबतीत ती सर्वांहून वेगळी ठरली : ती खुर्चीत राहिली. ज्या विश्वात मेलेले परत येतात, जेथे जादू, परग्रहावरचे वैद्यक आणि पुनर्जन्म देणारी कुंडे आहेत, तेथे एक स्त्री तेवीस वर्षे खुर्चीत राहून काम करत राहिली. याच विश्वात १९९३ मध्ये बेन नावाच्या शत्रूने खुद्द बॅटमॅनचा कणा मोडला. तो काही काळ खुर्चीत बसला, एका स्त्रीच्या अद्भुत शक्तीने बरा झाला आणि १९९४ मध्ये परत छपरांवरून उड्या मारू लागला. एकाच शहरात, एकाच परिवारात, दोन मोडलेले कणे; एकाला कथेने वर्षभरात सूट दिली, दुसरीला नाही. हा पक्षपातच होता. पण त्या पक्षपातातूनच अमेरिकन महानायककथेला तिचे एक अत्यंत वास्तव पात्र मिळाले, हा या इतिहासातला विरोधाभास आहे.

सप्टेंबर २०११ मध्ये प्रकाशकांनी आपले सारे विश्व नव्याने सुरू केले. नव्या 'बॅटगर्ल' मालिकेच्या पहिल्या अंकात बार्बरा चालत आली. खुर्चीतली तिची वर्षे तीनवर आणली गेली आणि उपचाराचे स्पष्टीकरण पुढच्या अंकांत देण्यात आले. लेखिका गेल सिमोनच होत्या. गोळीच्या आठवणीचे सावट त्यांनी कथेत मनःपूर्वक रंगवले, हे मान्य केले पाहिजे. पुष्कळ वाचकांना आपली जुनी बॅटगर्ल परत मिळाल्याचा आनंदही झाला. परंतु खुर्ची वापरणाऱ्या वाचकांतून उमटलेली प्रतिक्रिया तीव्र होती. बॅटगर्लच्या पोशाखात इतर मुली वावरू शकत होत्या आणि वावरल्याही होत्या. ओरॅकल मात्र एकच होती. तिला उभे करताना प्रकाशकांनी नकळत असे सुचवले की, तेवीस वर्षे ती जे होती ते एक लांबलेले आजारपण होते. ज्याची खुर्ची उद्या सकाळीही तेथेच असणार आहे त्याने यातून काय समजावे?

'रिअल' : न गाळलेल्या हालचाली

येथवर पाहिलेल्या बहुतेक चित्रकथांत खुर्ची एका व्यक्तीपुरती आहे. खुर्ची हेच ज्या कथेचे जग आहे, अशी कथा पाहायची तर जपानकडे वळावे लागते. ताकेहिको इनोउए हे तेथील अत्यंत लोकप्रिय चित्रकथाकार. शालेय बास्केटबॉलवरील त्यांची 'स्लॅम डंक' (१९९० ते १९९६) ही मालिका कोट्यवधी प्रतींनी खपली. त्याच खेळाकडे ते १९९९ मध्ये 'रिअल' या मालिकेतून परतले. या वेळी विषय होता चाकाच्या खुर्चीतले बास्केटबॉल. २००१ मध्ये पहिला खंड निघाला आणि त्याच वर्षी जपानच्या माध्यमकला महोत्सवात या मालिकेला पारितोषिक मिळाले. त्यानंतर साधारणतः वर्षाला एक खंड, या संथ गतीने २०१४ पर्यंत चौदा खंड झाले. खंडानंतर २०१९ मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली आणि २०२० मध्ये पंधरावा खंड आला.

कथेत तीन तरुण आहेत. शाळा सोडलेला नोमिया स्वतः धडधाकट आहे, पण त्याच्या मोटारसायकलच्या अपघातात मागे बसलेली मुलगी कायमची खुर्चीत गेली आहे. तोगावा हा एके काळचा वेगवान धावपटू. हाडाच्या कर्करोगाने त्याचा पाय गेला आहे. ताकाहाशी हा शाळेच्या बास्केटबॉल संघाचा कप्तान. माणसांना मनातल्या मनात अ, ब, क अशा प्रती लावणारा. चोरलेल्या सायकलवरून जाताना त्याला ट्रकची धडक बसते आणि कमरेखालचे शरीर निकामी होते. स्वतःच्याच मोजपट्टीवर तो आता सर्वात खाली आलेला असतो.

इनोउए यांच्या खेळाच्या चित्रांचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते रास्त आहे. खेळाच्या खुर्च्यांची तिरपी चाके, त्यांची टक्कर, उलटलेली खुर्ची आणि तिच्यासकट पुन्हा सरळ होण्याची धडपड, कडी ढकलून रुंद झालेले खांदे हे सारे त्यांच्या चौकटींत वजनासह उतरते. या खेळात प्रत्येक खेळाडूला शारीरिक क्षमतेनुसार १.० पासून ४.५ पर्यंत गुण दिलेले असतात आणि मैदानावरच्या पाच जणांच्या गुणांची बेरीज १४ च्या वर जाऊ देत नाहीत. म्हणजे कमी गुणांच्या खेळाडूवाचून संघ पुराच होऊ शकत नाही. माणसांना प्रती लावणाऱ्या ताकाहाशीच्या कथेत हा नियम यावा, याला अर्थ आहे. येथेही माणसांना आकडे मिळतात, पण कमी आकड्याच्या माणसाची संघाला गरज असते.

तथापि 'रिअल'चे खरे यश मैदानाबाहेर आहे. ताकाहाशी सुरुवातीचा बराच काळ खाटेवर आहे. तो उठून बसायला शिकतो, तोल सावरायला शिकतो, खाटेवरून खुर्चीत यायला शिकतो. तो आईवर चिडतो, दुरावलेल्या बापाशी अडखळत बोलतो, उपचारकेंद्रातल्या सोबत्यांना तुच्छ लेखतो आणि त्यांच्याचकडून शिकतो. जी हालचाल इतर चित्रकथांनी दोन चौकटींमधल्या पट्टीत टाकून दिली असती, तिला येथे पानेच्या पाने मिळतात. मालिकेची प्रसिद्धी वर्षानुवर्षे चालल्यामुळे वाचकालाही प्रतीक्षा करावी लागली. बरे होण्याची बातमी येईल अशी आशा त्याने ताकाहाशीबरोबर धरली आणि त्याच्याबरोबरच सोडली. येथे सुटका नाही आणि चमत्कारही नाही. पण कथा संपलेली नाही. 'आता याचे काय होणार' ही उत्सुकता खुर्चीत बसल्यानंतरही टिकू शकते, हे इनोउए यांनी दाखवून दिले. 'आता याचे काही व्हायचे नाही' असेच समाज गृहीत धरून चालतो, त्याला हे मोठे उत्तर आहे.

समारोप

२०१० मध्ये दमास्कसमध्ये अमेरिका व सीरिया येथील अपंग तरुणांना एकत्र आणून त्यांना नवा महानायक कल्पायला सांगण्यात आले. लिक्विड कॉमिक्स या भारतीय मुळे असलेल्या प्रकाशनाने त्यांच्या कल्पनेतून 'सिल्व्हर स्कॉर्पियन' ही चित्रकथा काढली. तिचा नायक बशीर हा भूसुरुंगात पाय गमावलेला मुलगा आहे. धातूंवर मनाने हुकमत गाजवण्याची शक्ती त्याला लाभते. शक्ती वाटेल ती देता येत असताना या तरुणांनी नायकाला पाय परत दिले नाहीत, हे लक्षणीय आहे. २०२० मध्ये 'द ओरॅकल कोड' या पुस्तकात बार्बरा गॉर्डनची गोष्ट पुन्हा सांगितली गेली. लेखिका मारिके नाइकाम्प या स्वतः अपंग आहेत. या कथेची बार्बरा पुनर्वसनकेंद्रात खुर्ची चालवायला शिकते, मैत्रिणी जोडते आणि आपल्याला दुरुस्त करू पाहणाऱ्यांकडे संशयाने पाहते. नायिकेला वाचवायचे म्हणजे उभे करायचे, हा जुना हिशेब येथे नाकारलेला आहे.

साठ वर्षांच्या या प्रवासातून एक गोष्ट निश्चित दिसते. खुर्चीचे रेखाटन अचूक होण्यासाठी छायाचित्र पुरते. ते वास्तव होण्यासाठी लेखकाला काळ खर्च करावा लागतो. कटर जॉनची खुर्ची व्यंगचित्राच्या चार रेषांची आहे आणि झेवियरची खुर्ची तपशिलांनी लखलखते, तरी पहिली अधिक खरी वाटते, कारण तिला उतार ठाऊक आहे. ओरॅकलची खुर्ची अनेकदा चुकीची काढली गेली, तरी वाचकांनी तिला आपली मानले, कारण ती तेवीस वर्षे तेथेच होती. 'रिअल'मध्ये रेखाटन आणि काळ या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या.

महानायकांच्या चित्रकथा मुलांना पुष्कळ काही शिकवतात; त्यांत हेही येते की, मोडलेली माणसे एकतर बरी होतात, नाहीतर दुष्ट होतात, नाहीतर दृष्टीआड होतात. खुर्चीत बसणारे मूल या तिन्हींपैकी काहीच नसते. त्याला शाळेत जायचे असते, आणि त्याच्या शाळेचा वर्ग बहुधा पहिल्या मजल्यावर असतो. ते वर कसे पोहोचले, कोणी नेले, रोज कोण नेते, आणि ज्या दिवशी नेणारा येत नाही त्या दिवशी काय होते, हे दाखवणारी चौकट ज्या चित्रकथेत आहे तिलाच वास्तव म्हणावे. मधल्या पट्टीत तो जिना आजही आहे.